माझी खुर्ची उतरवा

माय, एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. मी खोटं बोलत होते तेव्हा तू समोरच बसली होतीस. पहिल्या रांगेच्या कडेला, तुझ्या खुर्चीत, पांढरी साडी नेसून. माझ्या सत्कारात मी माईकवर सांगत होते की अमरावतीला गाडीत जागा कमी पडली तेव्हा माझी आई म्हणाली, ‘माझी खुर्ची उतरवा, त्या जागेत दोन बाया बसतील.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं तुझा हात हातात घेतला. तू माझ्याकडे पाहिलंस, मग खाली चाकाकडे पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. घरी आल्यावरही नाही. त्यानंतर दोन वर्षं तू होतीस, त्या दोन वर्षांतही नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर मला चार घरं ऐकू जाईल असं बोलणारी तू, यावर गप्प का राहिलीस?

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर आधी खोटं बोलले हे कबूल करावं लागलं असतं, आणि घरातली पहिली पदवीधर म्हणून तू मला ज्या पाटावर बसवलं होतंस, त्यावरून मला उतरायचं नव्हतं.

तुझ्या खुर्चीपासून सुरुवात करते. तू कामाला होतीस त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठींची थप्पी तुझ्यावर घसरली तेव्हा मी सातवीत होते. कमरेखालचं गेलं ते गेलंच. पुढे कापसाचे दिवस असे फिरले की ते जिनिंगही बंद पडलं आणि तिथे काम करणाऱ्या बाया मोंढ्यात धान्य निवडायला जाऊ लागल्या. तू दोन वर्षं खाटेवर होतीस. मग कुठल्याशा शिबिरात तुला एक खुर्ची मिळाली, दवाखान्यातली असते तशी, इतकी रुंद की आपल्या दारातून आत येईना. अकोल्यात आपल्या जवळच, जठारपेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या चाचांनी ती दुकानात नेली, कापून अरुंद केली, सायकलची चाकं लावली, आणि खुर्चीचा उजव्या बाजूचा हात असा केला की खीळ काढल्यावर तो निघायचा. म्हणजे तुला खुर्चीतून खाटेवर आणि खाटेवरून खुर्चीत आपलं आपण सरकता येईल. मोरीत आंघोळीला आणि बाकी विधींनाही तू तशीच सरकून जायचीस, दार लावून. ज्या दिवशी तू पहिल्यांदा आतून कडी लावलीस, त्या दिवशी आतून गाणं म्हणत होतीस. मी बाहेर बादली घेऊन उभी, आणि तू ओरडलीस, “जाय ना वो तिकडे, पहारा काहून देऊन राहिली?”

चाचांनी शेवटी एक सायकलची घंटीही बसवली. “भाभी, हॉर्न बी चाहिये ना,” म्हणाले. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत असली की तू घंटी वाजवत मधून जायचीस. “बाजू व्हा रे, कलेक्टर येऊन राहिली!”

गाडी काढली त्या वर्षी मी अमरावतीला समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. होस्टेलच्या खोलीत भिंतीवर समतेची वाक्यं चिकटवलेली आणि डोक्यातही तीच. दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्या आपल्या वस्तीतून दरवर्षी निघायच्या आणि खुर्चीवरची माणसं दारात बसून त्या पाहायची, हे मला सहन होईना. मी वस्तीतल्या महिला मंडळाच्या बायांना गाठलं, कॉलेजच्या सरांना गाठलं, एका भाजीवाल्याचा मोठा टेम्पो मिळवला. खुर्चीवरच्या लोकांसाठी खास गाडी. तुला सांगितलं तेव्हा तू कणीक मळत होतीस. परातीतला हात थांबला.

“मले नेशीन?”

“तुलेच तर आधी.”

तू म्हणालीस, “मी एकच डाव गेलती. पाच वर्षाची असन. बापाच्या खांद्यावर. खालचं काईच दिसे नाही, नुसते डोस्के न् डोस्के. आता मी माह्या चाकानं जातो.” आणि पुन्हा कणकेत हात घातलास. त्या महिन्यात तू चाचांकडून दोन्ही टायर बदलून घेतलेस. घराच्या मागच्या उतारावर रोज चढ-उताराचा सराव केलास, तळहाताला फोड आले. सुट्टीला घरी आले की मला ते सगळं दिसत होतं आणि मला वाटत होतं, हा माझ्या उपक्रमाचा उत्साह आहे.

टेम्पो अकोल्याहून फटफटताना निघाला. खाली गाद्या, वर ताडपत्री. अकोल्याची सात माणसं पुढच्या भागात गाद्यांवर आणि सात खुर्च्या मागच्या फळीला दोरीनं बांधलेल्या. अमरावतीला चार जण चढणार होते. अकरा माणसं, अकरा खुर्च्या, मी आणि मंडळाच्या दोन बाया. मी कागदावर चौकोन काढून बसवून पाहिलं होतं. सगळ्यांना सूचनांचा एक कागदही दिला होता, माझ्याच अक्षरात, कार्बन घालून काढलेला. त्यात पाचवी सूचना होती, ‘प्रवासात पाणी कमी प्यावे.’ का, ते लिहायची मला लाज वाटली होती. सोय काय केली आहे, तेही लिहिलं नव्हतं, कारण केलीच नव्हती. तू तो कागद वाचून पदराला बांधलास.

होस्टेलच्या फाटकाशी चार नाही, नऊ जण थांबले होते. भातकुलीकडून, अंजनगाव सुर्जीकडून, कुणी भावाच्या बैलगाडीतून, कुणी पहिल्या एसटीनं. कुणीतरी कुणाला सांगितलं होतं आणि ते आले होते. एका म्हाताऱ्या मावशीनं माझा हातच धरला. “पोरी, आता माघारी नोको धाडू. सारं गाव सोडाले आलं होतं.” मी टेम्पोच्या फळीवर उभी राहिले आणि म्हणाले, “कोणालाही मागे ठेवणार नाही.” बोलून गेले आणि मग मागच्या भागाकडे पाहिलं. पाच-सहा खुर्च्या उतरवल्या तरच सगळी माणसं बसणार होती. तिथे स्वयंसेवक आहेत, उचलून नेतील, राहिलेल्या खुर्च्या आळीपाळीनं वापरू, असं मी म्हणाले. कुणाची खुर्ची, हे प्रत्येकाच्या मनात होतं.

मला माहीत होतं, चार लोकांसमोर मला नाही न म्हणणारं माणूस त्या गाडीत एकच आहे. आणि मला हेही वाटलं, माय, की आपल्याच आईची खुर्ची आधी उतरवली तर मी पक्षपात करत नाही हे सगळ्यांना दिसेल. ‘सुरुवात माझ्या घरापासून,’ असं मी म्हणाले. ते वाक्य मला फार आवडलं होतं. मी मागे गेले आणि तुझ्या खुर्चीची दोरी सोडली.

“मले इचारलं नाही तू,” तू हळूच म्हणालीस.

“माय, लोक पाहून राहिले.”

तू तोंड मिटलंस. त्यानंतर आणखी पाच खुर्च्या उतरल्या. सहा खुर्च्या होस्टेलच्या वऱ्हांड्यात ओळीनं लागल्या. टेम्पो निघाला तेव्हा फाटकाशी खेळणाऱ्या एका पोरानं वऱ्हांड्यात जाऊन तुझी घंटी वाजवली आणि गाडीतले सगळे हसले. तू नाही.

अमरावतीहून एक वार्ताहरही आपल्यासोबत, ड्रायव्हरशेजारी, चढला होता. चांगला माणूस होता, थकलेला. ती अशी वर्षं होती की आपल्या भागात दिल्ली-मुंबईच्या गाड्या फिरत आणि येणारा प्रत्येक जण विचारी, या गावात कुणी केली का आत्महत्या. तो मला म्हणाला, “ताई, वर्षभर रोज तेच छापून राहिलो. लोक सकाळी पेपर वाचून जेवू शकतील अशी एक तरी बातमी द्या.” तिवसा ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला मांडवात वरण-भात वाढत होते. सगळे जेवले. तू दोन घास खाल्लेस आणि पाणी घेतलं नाहीस. मी तुला शाबासकी दिली.

नागपुरात गाड्या फार लांब अडवल्या. ज्यांच्या खुर्च्या होत्या ते चाकं फिरवत निघाले. बाकीच्यांना स्वयंसेवकांनी उचललं. तुझ्याकडे दोन दणकट माणसं आली, “चला मावशी” म्हणाली आणि तू काही बोलायच्या आत तू त्यांच्या हातांवर होतीस. तुझा एक हात एका परक्या माणसाच्या मानेभोवती आणि दुसरा खाली, साडी पोटरीवर दाबून धरलेला. वार्ताहर उलटा चालत फोटो काढत होता. त्यानं मला विचारलं, “यांची खुर्ची?” आणि मी म्हणाले, “आईनंच सांगितलं, माझी खुर्ची उतरवा म्हणून. दुसऱ्यांना जागा व्हावी म्हणून.” आधी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून आपोआप निघालं आणि निघताच मला ते खरं वाटलं. तुला ऐकू गेलं का, माहीत नाही. तू माझ्यापासून चार हातांवर होतीस, पण फार उंच.

पुस्तकांच्या एका दुकानामागे कडुलिंबाखाली त्यांनी तुला ताडपत्रीवर बसवलं. “इथंच बसा मावशी, बाकीच्यांना आणून तुम्हाला आत नेतो.” मी तुला एक पाण्याची बाटली दिली आणि खुर्च्यांवरच्या लोकांसोबत रांगेत गेले. आत पोचायला दुपार झाली. मी रडले, सगळेच रडले. बाहेर येताना ओळखीचे भेटले, वार्ताहराला बोलायचं होतं, कॉलेजचे सर भेटले. तुझ्याकडे परत आले तेव्हा उन्हं कलली होती. तू त्याच जागी, त्याच बाजूला वळून बसली होतीस. साडी मांड्यांपासून खाली पूर्ण ओली. बाटली शेजारी रिकामी पडलेली.

“बाटली सांडली,” तू म्हणालीस.

आणि मी तुझ्यावर चिडले. “नीट धरायची ना, माय. आता अशा साडीत नेतील का आत?”

तू म्हणालीस, “दिसलं की इथून. पाय ना, घुमट दिसून राहिला.”

मग निघायची वेळ झाली. पुढच्या वर्षी नक्की, मी म्हणाले. वाटेत अमरावतीला तुझी खुर्ची परत चढवली, आणि घरी पोचल्यावर तुझी साडी धुवायला घेतली तेव्हा मला कळलं. ते नुसतं पाणी नव्हतं. कुणाला हाक मारावी, कुणाला काय सांगावं, हजारो अनोळखी पायांमध्ये जमिनीवर बसलेल्या बाईला सुचलं नसेल. शेवटी व्हायचं ते झालं आणि ते लपवायला तू बाटली स्वतःच्या अंगावर ओतलीस. दिवसभरात तुझ्या वाट्याला आलेलं सगळं पाणी. मी मोरीत साडी घेऊन बसले आणि तू बाहेर खाटेवर छताकडे पाहत होतीस. मी बाहेर आले आणि म्हणाले, “माय, भूक लागली का?” एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी मी यादीत तुझं नाव लिहिलं तर तू म्हणालीस, “आता बस. मी पायलं.”

फोटो पेपरात आला. मोठा आला. सत्कार झाला, त्यात मी माईकवर ती गोष्ट पुन्हा सांगितली, ते तू ऐकलंसच. तू गेल्यावर एका संस्थेत मुलाखत होती, तिथेही सांगितली आणि मला नोकरी मिळाली. तो फोटो मोठा करून ऑफिसात लावला. खाली लिहिलं, ‘माझी खुर्ची उतरवा.’ दरवर्षी दसऱ्याला गाडी निघते, दरवर्षी माणसं जास्त येतात आणि दरवर्षी मी फळीवर उभी राहून तुझी गोष्ट सांगते. मग मला कुणाची दोरी सोडावी लागत नाही. गोष्ट संपली की कुणीतरी बाई स्वतःहून म्हणते, ताई, माझीपण उतरवा. मला वाटायचं, केवढी ताकद आहे माझ्या माईच्या गोष्टीत.

या वर्षी पुन्हा तेच फाटक. पाच जागा कमी. मी बोलायला सुरुवात केली. पुढे अंजनगावची एक बाई होती, तिशीची, पहिल्यांदाच आलेली. तिनं खुर्चीला निळ्या पताका लावल्या होत्या, चाकाच्या तारांमध्ये रंगीत कागद ओवला होता. मी ‘माझी आई म्हणाली’ इथपर्यंत आले आणि त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली चाकाकडे पाहिलं. अगदी तसंच, माय. तिचा हात चाकावर होता. ‘माझीपण उतरवा’ म्हणायला ती तोंड उघडणार होती.

मी थांबले. म्हणाले, “माझी आई असं म्हणाली नव्हती. खुर्ची मी उतरवली. तिला विचारलंही नव्हतं. हे मी इतकी वर्षं खोटं सांगत आले.”

ड्रायव्हर म्हणाला, “ताई, निघाचं का?” मग भातकुलीची एक बाई, जिनं मागे लागोपाठ तीन वर्षं आपली खुर्ची उतरवली होती, तिनं विचारलं, “मंग आमची काहून उतरवत होत्या?”

ती चाक फिरवून माझ्या अगदी समोर आली.

“तिसऱ्या साली मले बैठकीले जखम झाली. चार महिने पालथी होती मी. तुमच्या मायनं इतकं केलं, आपन कायले सांगाचं, म्हनून बोलली नाही.”

मी तिला हात जोडले. तिनं ते पाहिले नाहीत. मी म्हणाले, या वर्षी एकही खुर्ची उतरणार नाही. आधी नाव दिलं ते जातील, खुर्चीसकट. बाकीचे पाच आणि मी थांबू. गाडीत माझ्याऐवजी मंडळाच्या बाईला बसवलं. अंजनगावची पताकावाली गेली. भातकुलीची थांबली, तिचं नाव उशिरा आलं होतं. गाडी वळली तशी ती मला म्हणाली, “तुमचं मन हलकं झालं, ताई. आमचं जानं गेलं.” ते खरं आहे. दुपारपर्यंत आम्ही सहा जणी होस्टेलच्या वऱ्हांड्यात बसलो होतो, त्याच वऱ्हांड्यात. मी प्रत्येकीला पाणी विचारलं आणि आधी संडास कुठे आहे ते दाखवलं, तिथे खुर्ची जाते का ते मोजून. पाचहीजणींनी पाणी घेतलं.

चार दिवसांनी त्या पाचजणींना घेऊन गेले. पाच खुर्च्या, सगळ्या बांधलेल्या. गर्दी ओसरली होती, मैदानात कागद उडत होते. हे म्हणजे दसरा नव्हे, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. भातकुलीच्या बाईनं मला खुर्चीला हात लावू दिला नाही. ती एकटी, स्वतःच्या चाकानं, घुमटाभोवती गेली. पूर्ण एक चक्कर. मी त्या कडुलिंबाजवळ उभी राहून पाहत होते. निदान मला वाटलं तोच कडुलिंब असावा.

आता ज्यांना ज्यांना खोटं सांगितलं, त्यांना एकेकीला खरं सांगत आहे. संस्थेत सांगितलं. चाचांनाही सांगितलं. ते आता दुकानात बसत नाहीत, मुलगा बसतो. ऐकून म्हणाले, “मालूम था, बेटी. भाभी वो कुर्सी ऐसेच नहीं छोडती.” म्हणजे त्यांनीही ओळखलं होतं आणि तेही बोलले नव्हते. तू आणि ते माझ्यासाठीच गप्प राहिलात, असं मला वाटून घेता येईल. पण तसं मानलं तर मला फार सोयीचं होईल, म्हणून मानत नाही.

एक मात्र मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. बाटलीचं. माझ्या खोट्याची शिक्षा मी भोगेन, पण ते तुझं आहे, तू ते झाकलं होतंस. म्हणून हे पत्रही कुणाला दाखवायचं नाही. तुझ्या पेटीत, तुझ्या पांढऱ्या साडीच्या घडीत ठेवणार आहे.

काल ऑफिस सुटल्यावर मी थांबले. फोटोखाली खुर्ची ओढली, वर चढले. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला नव्हता. सगळ्यांना वाटतं त्यात तू हसत आहेस. तू दात आवळले आहेस. मी दोन्ही हातांनी चौकट धरली आणि मोठ्यानं विचारलं, “माय, उतरवू का?”

खोलीत कुणी नव्हतं. तरी मी थोडा वेळ थांबले. मग उतरवला.